संगणकाचं घड्याळ पुन्हा पुन्हा चुकतंय? सिस्टीम आणि हार्डवेअर घड्याळ लावण्याचा बरोबर क्रम

संगणकाची वेळ चुकलेली दिसली की कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक करायचं, मोबाइलमध्ये बघून वेळ टाकायची आणि कामाला लागायचं. दुसऱ्या दिवशी वेळ पुन्हा चुकलेली. असं होतं, कारण दुरुस्ती एका घड्याळाची होते आणि बिघाड असतो दुसऱ्यात. ज्या संगणकावर विंडोज, लिनक्स किंवा दोन्ही आहेत, त्याच्यासाठी पुढचा क्रम आहे. तो उलटसुलट करू नका. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

टर्मिनलच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंका.

## आधी एवढं समजून घ्या

मदरबोर्डवरचं घड्याळ म्हणजे हार्डवेअर घड्याळ, त्यालाच आरटीसी म्हणतात. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपन पावणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक आणि नाण्याएवढा एक सेल यांवर ते संगणक बंद असतानाही चालतं. त्यात वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद एवढंच साठतं. ही वेळ भारताची की ग्रिनिचची, हे नोंदवायची जागा त्यात नाही. सगळा घोळ या एका गोष्टीतून सुरू होतो.

दुसरं सिस्टीम घड्याळ. ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या मेमरीत, फक्त संगणक चालू असताना चालतं. सुरू होताना ते हार्डवेअर घड्याळाकडून वेळ उचलतं आणि पुढे स्वतंत्रपणे मोजत राहतं. लिनक्समध्ये तर ही १ जानेवारी १९७० च्या युटीसी (जगभर धरली जाणारी प्रमाण वेळ) मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांची मोजणी असते. टाइम झोन लागतो तो फक्त स्क्रीनवर दाखवताना.

आता गंमत बघा. मदरबोर्डवर ९:३० दिसले तर विंडोज धरून चालतं की ही स्थानिक वेळ आहे. लिनक्स धरून चालतं की ही युटीसी आहे, म्हणजे भारतात दुपारचे ३ वाजलेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि एकाच संगणकावर दोघं नांदत असतील तर रोज साडेपाच तासांचं भांडण ठरलेलं.

## पायरी १ : चूक किती आहे ते मोजा, दुरुस्त करू नका

मोबाइलची वेळ आपोआप घेण्याची सोय चालू आहे ना, ते बघा. संगणकाची तारीख आणि वेळ मोबाइलशी ताडून फरक कागदावर लिहा. रोगाचं नाव या फरकातच असतं:

- नेमके साडेपाच तास पुढे किंवा मागे : युटीसी आणि स्थानिक वेळेचं भांडण. पायरी ६.
- नेमके १२ तास : बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा) दुपार-रात्रीचा घोळ. पायरी ४.
- साडेतेरा किंवा साडेबारा तास मागे : टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिलाय. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये हे फार दिसतं. तिकडे हिवाळा असेल तर साडेतेरा, उन्हाळी वेळ चालू असेल तर साडेबारा. पायरी ५.
- अर्धा तास किंवा १५ मिनिटं : यादीत शेजारच्या ओळीवर क्लिक झालंय. कराची अर्धा तास मागे, ढाका अर्धा तास पुढे, काठमांडू १५ मिनिटं पुढे. पायरी ५.
- थेट काही वर्षं मागे : सेल संपलाय. पायरी ३.
- महिन्याला मिनिटभर : हा बिघाड नाही. स्फटिकात दहा लाखांत २० भागांची चूक असली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात आणि महिन्याला पाऊण-एक मिनिट. पायरी ७ पुरेल.

इशारा : टाइम झोन चुकलेला असताना वेळेचे आकडे हाताने ‘बरोबर’ करू नका. स्क्रीनवर वेळ बरोबर दिसेल, पण आतली युटीसी बिघडेल. मग ईमेलवर उद्याची वेळ पडते, ओटीपी ॲपचे कोड चालत नाहीत आणि बँकेची साइट सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. अशा वेळी ‘तरीही पुढे जा’ दाबणं हा उपाय नव्हे. ब्राउझर प्रमाणपत्राची मुदत तुमच्याच घड्याळाशी ताडून बघतो, तेव्हा आधी घड्याळ तपासा.

## पायरी २ : तयारी

१. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा. सेल काढल्यावर बऱ्याच मदरबोर्डांवर सगळी सेटिंग मूळपदावर जातात. डिस्कचा मोड (डिस्क हाताळायची पद्धत) ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर किंवा उलटा झाला, तर विंडोज सुरूच होत नाही आणि दोष बिचाऱ्या हार्डडिस्कवर येतो.

२. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी काढून ठेवा. ४८ आकडी असते. बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि त्या क्षणी ती त्याच संगणकात असून काही उपयोग नसतो.

३. टॅली, डाउनलोड, बॅकअप, डेटाबेस असं चालू असलेलं सगळं बंद करा. घड्याळ मागे नेताना चालू असलेल्या कामांच्या नोंदींचा क्रम बिघडतो.

४. ॲडमिनचा पासवर्ड आणि जमलं तर साधा मल्टिमीटर जवळ ठेवा.

इशारा : ऑफिसच्या डोमेनला (एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या जाळ्याला) जोडलेला संगणक असेल तर इथेच थांबा. त्याची वेळ डोमेन कंट्रोलरकडून येते, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिनच अडू शकतं. ते काम आयटीवाल्यांचं.

## पायरी ३ : सेलची परीक्षा

आपल्याकडे रात्री संगणक बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करायची सवय आहे. सवय चांगली, पण तिचा एक परिणाम असा की डेस्कटॉपचं हार्डवेअर घड्याळ रात्रभर फक्त सेलवर चालतं. बटण चालू असतं तेव्हा स्टँडबाय वीज मिळते आणि सेलवर फारसा भार येत नाही. त्यामुळे ऑफिसमध्ये वर्षानुवर्षं ‘ठीक’ असलेला संगणक घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी जुनी तारीख दाखवतो.

परीक्षा अशी करा:

१. बायोसमध्ये वेळ बघून ठेवा, संगणक बंद करा, बटण बंद करा आणि रात्रभर सोडा.

२. सकाळी सुरू करताच थेट बायोसमध्ये जा. विंडोज किंवा लिनक्स सुरू होऊ देऊ नका.

३. वेळ मागे पडली असेल किंवा तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल, तर सेल बदला.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू झाली की इंटरनेटवरून वेळ येते आणि मेलेला सेल झाकला जातो. महिनोन्‌महिने कळत नाही. मग एक दिवस नेट नसतं आणि बिलावर भलतीच तारीख छापली जाते.

सेल बदलताना:

१. संगणक बंद, वायर काढलेली. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल.

२. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

३. बाजूची चिमटी नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने सरकवा. सेल उसळून वर येतो. स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, सॉकेटचा पत्रा वाकतो.

४. डेस्कटॉपला बहुधा सीआर२०३२ लागतो: ३ व्होल्ट, २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी. सीआर२०२५ तेवढाच रुंद पण पातळ असतो. तो बसल्यासारखा वाटतो आणि मध्येच संपर्क सोडतो.

५. नवा सेल लावायच्या आधी मल्टिमीटरवर बघा. ३ व्होल्ट किंवा थोडा वर हवा. २.८ च्या खाली असेल तर दुकानदाराला परत करा. दुकानात पडून जुना झालेला माल असतो.

६. अधिक चिन्हाची बाजू वर.

लॅपटॉपमध्ये हाच सेल बऱ्याचदा प्लास्टिकच्या आवरणात, दोन वायरी आणि छोट्या जोडणीसह येतो. तसाच तयार मिळतो, तोच घ्या. सेलला डाग देऊ नका. काही लॅपटॉपांत वेगळा सेल नसतोच, घड्याळ मुख्य बॅटरीवर चालतं. तिथे शोधाशोध करून उपयोग नाही.

इशारा : काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजते आणि ते काही तासांत जिवावर बेतू शकतं. चिकटपट्टीत गुंडाळून ई-कचऱ्यात टाका.

## पायरी ४ : बायोसमध्ये कोणती वेळ टाकायची ते आधी ठरवा

बायोसमध्ये शिरायला संगणक सुरू होताच डिलीट, एफ२ किंवा एफ१० वारंवार दाबा. कंपनीनुसार कळ बदलते आणि सुरुवातीच्या पडद्यावर तिचं नाव क्षणभर दिसतं.

वेळ टाकण्याआधी निर्णय घ्या:

- फक्त विंडोज असेल: भारतीय वेळ.
- फक्त लिनक्स असेल: युटीसी.
- दोन्ही असतील: युटीसी, आणि पायरी ६ मध्ये विंडोजला तसं सांगायचं.

युटीसी म्हणजे भारतीय वेळेतून ५ तास ३० मिनिटं वजा. सकाळचे १० वाजले असतील तर ०४:३० टाका.

इथे तीन चुका होतात.

पहिली, तारखेची. पुष्कळ बायोस महिना आधी आणि दिवस नंतर दाखवतात. ५ जून टाकायला जाऊन ६ मे होतो, आणि १२ तारखेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही आकडे महिना म्हणून चालतात.

दुसरी, दुपारची. बायोसचं घड्याळ २४ तासांचं असेल तर दुपारचे ३ म्हणजे १५. तिथे ०३ टाकलं की नेमका १२ तासांचा फरक पडतो.

तिसरी, रात्री जागून काम करणाऱ्यांची. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत युटीसीची तारीखही आदल्या दिवसाची असते. १५ ऑगस्टच्या पहाटे ३ वाजता युटीसी आहे १४ ऑगस्ट, २१:३०. तास बदलतात आणि तारीख तशीच ठेवतात, म्हणजे घड्याळ पूर्ण एक दिवस पुढे. सोपा उपाय म्हणजे हे काम दिवसाउजेडी करा.

सेव्ह करून बाहेर पडा. सेल बदलला असेल तर बाहेर पडण्यापूर्वी फोटो बघून डिस्कचा मोड, बूटचा क्रम आणि सिक्युअर बूट पूर्ववत करा.

## पायरी ५ : टाइम झोन

विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जा. झोन आपोआप ठरवण्याची सोय बंद करा आणि यादीतून ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली’ ही ओळ निवडा. त्याखालची श्री जयवर्धनेपुरा ही ओळही +५:३० च आहे, पण ती श्रीलंकेची.

लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेपुढे सेट-टाइमझोन लिहून एशिया/कोलकाता द्या. या नावातली ‘ए’ आणि ‘के’ ही पहिली अक्षरं मात्र मोठी टंका. मुंबई शोधत बसू नका, त्या यादीत ती नाही. आणि ‘आयएसटी’ हे लघुरूप झोन म्हणून कुठेही टाकू नका. इस्रायल आणि आयर्लंडही तेच वापरतात.

## पायरी ६ : विंडोज आणि लिनक्सचं एकमत करा

एकच सिस्टीम असेल तर ही पायरी सोडा.

दोन मार्ग आहेत, त्यातला एकच करायचा. एका ठिकाणी वाचून विंडोज युटीसीवर नेलं, दुसरीकडे वाचून लिनक्स स्थानिक वेळेवर आणलं, तर भांडण तसंच राहतं, फक्त बाजू बदलते.

मार्ग अ, विंडोजला युटीसी शिकवणं (हाच करा) :

१. रजिस्ट्री एडिटर ॲडमिन म्हणून उघडा.

२. एचकी-लोकल-मशीन, सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन या क्रमाने आत जा.

३. उजवीकडे नवी ३२ बिटची डीवर्ड नोंद करा. नाव ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’, सलग, मध्ये जागा न सोडता. किंमत १. नावात एक अक्षर चुकलं तरी विंडोज तक्रार करत नाही, नोंदीकडे नुसतं दुर्लक्ष करतं. म्हणून परत एकदा वाचा.

४. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर झोपवला जातो. त्या अवस्थेत लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर काही लिहिलं तर फाइलीही बिघडू शकतात, म्हणून दोन सिस्टीमवाल्यांनी ते कायमच बंद ठेवावं.

५. रीस्टार्ट करा. शट डाउन नको, रीस्टार्टच.

मार्ग ब, लिनक्सला स्थानिक वेळ शिकवणं : ऑफिसच्या संगणकावर रजिस्ट्रीला हात लावायची मुभा नसेल तेव्हा. टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १. आज्ञा चालते, पण टाइमडेटसीटीएल स्वतःच ही पद्धत बरी नाही असा इशारा देत राहतं. भारतात घड्याळं वर्षात दोनदा पुढे-मागे होत नाहीत, म्हणून इथे निभावतं. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी मात्र हा मार्ग धरू नये. उन्हाळी वेळ सुरू होते तेव्हा एक सिस्टीम घड्याळ तासाने पुढे करते, दुसरी सुरू झाली की तीही आपला तास पुढे करू शकते.

तपासणी : लिनक्समध्ये नुसतं टाइमडेटसीटीएल चालवा. मार्ग अ केला असेल तर शेवटी ‘आरटीसी इन लोकल टीझेड’ पुढे ‘नो’ हवं.

## पायरी ७ : इंटरनेटवरून वेळ जुळवा

आधी तारीख आणि वेळ हाताने अंदाजे बरोबर करा, मग जुळवणी. उलट केलं तर अडतं. घरच्या विंडोजला जुळवणीत १५ तासांपेक्षा जास्त फरक आढळला तर ते मूळ सेटिंगनुसार नवी वेळ स्वीकारत नाही. लिनक्सवर वेळ जुळवणाऱ्या जुन्या एनटीपीडी या प्रोग्रॅमची मर्यादा १००० सेकंद आहे. मेलेल्या सेलमुळे घड्याळ वर्षांनी मागे गेलेलं असताना ‘सिंक नाऊ’ कितीही दाबलं तरी व्यर्थ.

विंडोज: वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करा, ‘सिंक नाऊ’ दाबा. अपयश आलं तर सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज टाइम’ चालू आहे का बघा.

लिनक्स: टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू. हे चालू असताना हाताने वेळ टाकायला गेलात तर आज्ञा नकार देते. आधी सेट-एनटीपी फॉल्स, मग वेळ, मग पुन्हा ट्रू. क्रोनी, एनटीपीडी आणि टाइमसिंकडी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी एकच चालू ठेवा. दोन जण एकाच घड्याळाचे काटे ओढू लागले की वेळ डुलत राहते.

भारतातले सर्व्हर हवे असतील तर राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम-डॉट-एनपीएलइंडिया-डॉट-ओआरजी आणि एनआयसीचे (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) समय१ व समय२, पुढे डॉट-एनआयसी-डॉट-इन. कंपन्या आणि संस्थांसाठी ही हौस नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार त्यांना या दोन संस्थांच्या किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी वेळ जुळवावी लागते.

वायफाय चालतंय, साइट उघडताहेत, तरी जुळवणी होत नाही? हॉस्टेल आणि ऑफिसांच्या नेटवर्कवर यूडीपी पोर्ट १२३ अडवलेलं असतं. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघा, लगेच खुलासा होईल.

## पायरी ८ : बरोबर वेळ मदरबोर्डवर उतरवा

विंडोज हे स्वतः करतं. लिनक्समध्ये वेळ इंटरनेटशी जुळलेली असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) सहसा दर ११ मिनिटांनी हार्डवेअर घड्याळात ती उतरवत राहतं. वाट बघायची नसेल तर: सुडो एचडब्ल्यूक्लॉक, मग जागा, दोन हायफन आणि सिसटूएचसी (यातला ‘टू’ म्हणजे टी-ओ, सगळं सलग).

इशारा : सिसटूएचसी म्हणजे सिस्टीमकडून हार्डवेअरकडे. एचसीटूसिस म्हणजे उलट. दुसरी चालवलीत तर मदरबोर्डवरची चुकीची वेळ आत येऊन सातव्या पायरीची मेहनत पुसते.

पडताळणीला एचडब्ल्यूक्लॉकचा आकडा घेऊ नका. हार्डवेअर घड्याळ युटीसीवर असलं तरी ती आज्ञा स्थानिक वेळ करूनच दाखवते, आणि लोक ‘अरे, हे तर अजून भारतीय वेळेवरच आहे’ म्हणून पुन्हा सगळं उलटं करतात. टाइमडेटसीटीएलमधली ‘आरटीसी टाइम’ ही ओळ बघा. मार्ग अ मध्ये ती ‘युनिव्हर्सल टाइम’शी जुळायला हवी, ‘लोकल टाइम’शी नव्हे.

## पायरी ९ : नेट तोडून शेवटची परीक्षा

१. संगणक बंद, भिंतीवरचं बटण बंद, रात्रभर.

२. सकाळी लॅनची वायर काढा आणि राउटर बंद ठेवा.

३. बायोस: वेळ ठरवलेल्या पद्धतीची, चूक दोन-चार सेकंदांची.

४. लिनक्स सुरू करून वेळ बघा. रीस्टार्ट, विंडोजमध्ये बघा. पुन्हा रीस्टार्ट, परत लिनक्स.

तिन्ही वेळा मोबाइलशी जुळलं तर काम झालं. बायोस बरोबर पण विंडोज साडेपाच तास मागे असेल तर रजिस्ट्रीच्या नावात चूक आहे. लिनक्स साडेपाच तास पुढे असेल तर हार्डवेअर घड्याळात अजून भारतीय वेळ बसलेली आहे. नेट जोडून सातवी आणि आठवी पायरी पुन्हा करा. बायोसच चुकलं तर सेल किंवा त्याचं सॉकेट.

व्हर्च्युअल मशीनच्या (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) आत हे काही करत बसू नका. त्याला वेळ बाहेरच्या संगणकाकडून मिळते, तिथेच दुरुस्त करा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर हार्डवेअर घड्याळ मुळात नाही. नेटशिवाय चालवायचं असेल तर डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं छोटं मॉड्यूल लावा. पाचव्या पिढीत घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.